मागचा ब्रेक

मूल नाही, गाडी आहे, असं माझी थोरली जाऊ पाहुण्यांना आमच्याविषयी सांगायची. मनानं ती वाईट नव्हती. सासर भोकरच्या पलीकडं, शेतातलं घर. दिवाळीला सगळे जमले की कोणीतरी माझ्याकडं बघून तो विषय काढायचंच, आणि तो तिथंच मिटावा म्हणून ती हे वाक्य टाकायची. लोक हसायचे. मीही हसायचे. अशाच एका दिवाळीच्या आधी नवरा म्हणाला, “यंदा गावाकडं न्हाई जायचं. गाडीवर निघू.”

त्या वर्षी हंपी झालं. पुढं दरवर्षी एक ठिकाण होत गेलं. रामेश्वर, कच्छ, जगन्नाथपुरी, एकदा पार हरिद्वारपर्यंत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात, ते त्याच कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक. सुट्ट्या एकच, त्यामुळं अडचण नव्हती. गाडी नांदेडला असताना नवीकोरी घेतलेली, लांबच्या प्रवासासाठी म्हणून मुद्दाम. बुटकी, रुंद सीट, उंच हँडल, मागं माझ्या पाठीला टेकायला लोखंडी टेका आणि दोन्ही बाजूंना रेक्झिनच्या पिशव्या. पुढं संस्थेनं आमची दोघांची बदली लातूरच्या कॉलेजात केली, तेव्हा सामान टेम्पोतून आलं आणि आम्ही गाडीवर आलो.

त्या गाडीनं आम्हाला कधी रस्त्यात सोडलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, खरंच तसं होतं. होस्पेटच्या अलीकडं एकदा क्लचची केबल तुटली, तर यांनी इंजिनाच्या आवाजावर गिअर पाडत तशीच पुढच्या गावापर्यंत नेली. कोकणात कार्बोरेटरमध्ये पाणी गेलं, तेव्हा चहा होईपर्यंत ते काढून, फुंकून, परत बसवलं. एवढंच. बाकी बटन दाबलं की चालू. मी मागं बसून झोपायचे. त्यांच्या पाठीला हेल्मेट टेकवून, हात त्यांच्या जाकिटाच्या खिशात घालून, ट्रकच्या रांगांमधून चाललेलो असताना मला गाढ झोप लागायची. घरात पलंगावर तशी लागत नव्हती.

पंधरा वर्षं भरली की गाडी परत आरटीओला दाखवावी लागते. लोक त्याला रिपासिंग म्हणतात. साहेब लाइट, हॉर्न, ब्रेक बघतात, चेसीवरचा नंबर बघतात, आणि गाडी धड असली तर पुढं पाच वर्षं रस्त्यावर चालवायची मुभा मिळते. नाही तर भंगार. आमची गाडी नांदेडच्या पत्त्यावर होती आणि तो पत्ता बदलायचं आमच्याकडून राहूनच गेलं होतं, त्यामुळं लातूरहून नांदेडला जाणं आलं.

“बरंच हाय,” नवरा म्हणाला. “मिस्त्रीकडं दाखवून मगच नेऊ.”

मिस्त्री म्हणजे नांदेडचा आमचा जुना मेकॅनिक. त्याचे वडील टांगे दुरुस्त करायचे, त्यांच्या वडिलांचंही तेच काम होतं. त्याच गल्लीत, त्याच दुकानात आता हा मोटारसायकली दुरुस्त करतो. गाडी घेतली तेव्हापासून तिला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा त्यानं आधी माझ्यासाठी स्टुलावरची धूळ पुसली, मग गाडीभोवती एक चक्कर मारली.

“भाभी, ही गाडी अजून माझ्या पोरांच्या लग्नाला येईल,” तो म्हणाला. त्यानं चेन घट्ट केली, हॉर्न पुसला, मागच्या दिव्याचा बल्ब बदलला. चेसीच्या नंबरावर गंज धरला होता, तो पॉलिशपेपरनं घासून त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली. आकडे नीट उमटले तसा त्यानं तो कागद उन्हात धरून नवऱ्याला दाखवला. दोघंही समाधानानं हसले.

आरटीओच्या मागं मोठं मैदान आहे. ट्रक, रिक्षा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उन्हात ओळीनं उभ्या. निरीक्षक एक तरुण बाई होत्या. डोक्यावर टोपी, तोंडाला रुमाल, बोलणं कमी. त्यांनी नंबर जुळवला, लाइट लावायला सांगितले, हॉर्न वाजवायला सांगितला. मग फक्कीची एक रेघ दाखवली.

“सर, तिथून या, आणि या रेघेवर थांबा. आधी पुढच्या ब्रेकनं.”

नवरा लांबून आला आणि रेघेवर बरोबर थांबला.

“आता फक्त मागचा ब्रेक. पुढच्याला हात लावायचा नाही.”

ते परत लांब गेले, वळले, आले. रेघ आली, गेली. गाडी रेघेच्या पुष्कळ पुढं जाऊन, शेवटी एका ट्रॉलीच्या अलीकडं पुढच्या ब्रेकनंच थांबवावी लागली. बाईंनी त्यांना परत एकदा करायला सांगितलं. परत तेच झालं.

“मागचा ब्रेक लागत नाही,” बाई म्हणाल्या. “दुरुस्त करून आणा. बाकी गाडी चांगली आहे.”

“लायनर झिजले असतील,” नवरा म्हणाला. मी त्यांच्याकडं बघितलं, कारण मिस्त्रीनं सकाळीच मागचं चाक हातानं फिरवून, पेडल दाबून दाखवलं होतं आणि चाक जागच्या जागी थांबलं होतं. पण मला त्यातलं काय कळतं, असं मी मनाशी म्हटलं.

मिस्त्रीला ते पटलं नाही. तरी त्यानं चाक खोललं, नवे लायनर टाकले, मागचा नट आवळला. त्या दिवशी वेळ संपली होती. आम्ही लातूरला परत आलो आणि पुढच्या आठवड्यात परत गेलो.

त्या वेळी मैदानात गर्दी कमी होती. बाईंनी आम्हाला ओळखलं. पुढच्या ब्रेकचं आता काम नव्हतं, फक्त मागचा. नवरा लांबून आला. या वेळी रेघेच्या खूप आधीच मागचं चाक एकदम जाम झालं. गाडीचं ढुंगण आडवं फिरलं, मुरमावर चाक फरफटत गेलं, धुरळा उठला. ते पडले नाहीत, एवढंच. डावा पाय टेकवून कसेबसे उभे राहिले आणि खाली आपल्या उजव्या बुटाकडं बघत राहिले. बूट अजून पेडलवर होता. तो तिथं आहे हे त्यांना बघितल्यावर कळलं, असं माझ्या तेव्हा ध्यानात आलं. तरी मी ते स्वतःशीही बोलले नाही.

बाई जवळ आल्या. तोंडावरचा रुमाल त्यांनी खाली केला.

“सर, मी काय लिहू? मागच्या वेळी ब्रेक लागत नव्हता. आज सुटत नाही.”

“मिस्त्रीनं जास्त आवळला असंल,” नवरा म्हणाला.

“तुम्हाला बरं वाटत नाही का?”

“उन्हाचं झालं.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं.  परत या, म्हणाल्या.

दुकानात गेल्यावर मिस्त्री स्वतः गाडीवर बसला. गल्लीच्या टोकापर्यंत गेला, वळला, आमच्यासमोर येऊन नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी थांबवली. अलगद. परत गेला, या वेळी जोरात आला, परत तशीच थांबवली.

“सर, ब्रेक एकदम बराबर हाय,” तो म्हणाला. “आता मी अजून काय करू, तुम्हीच सांगा.”

नवरा हेल्मेटचा पट्टा चाचपत उभा होता. “असू दे,” म्हणाला. “परत बघू.”

नांदेडहून लातूरचा रस्ता आम्हाला तोंडपाठ होता. मी मागं बसले, पण त्या दिवशी झोप आली नाही. मी पहिल्यांदा ते गाडी कशी चालवतात याकडं लक्ष देऊन बघत होते. ट्रकच्या मागं ते पूर्वीपेक्षा खूप अंतर ठेवत होते. स्पीडब्रेकर दिसला की लांबूनच गिअर कमी करायचे. थांबताना उजवा हात ब्रेकवर, आणि मान एकदा खाली जाऊन वर यायची. म्हैस आडवी आली तेव्हाही मान आधी खाली गेली.

लोह्याच्या पुढं एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाला चहा देऊन आत गेला. मी विचारलं, “अहो, पायाला काय झालंय?”

“कुठं काय.”

“मी बघितलंय आज.”

त्यांनी चहा संपवला. ग्लास बाकावर ठेवला, परत उचलला.

“बूट घातला की पाय कुठं हाय ते कळत न्हाई,” ते म्हणाले. “बघावं लागतं. पेडलवर हाय का फूटरेस्टवर हाय, दाबला का न्हाई दाबला, बघितल्याबिगर समजत न्हाई.”

“दोन्ही पाय?”

“उजवा जास्ती. डाव्यानं गिअर पडला की आवाज येतो, म्हणून भागतं.”

“कधीपासून?”

“मागच्या दिवाळीच्या आधीपासून असंल.”

मागच्या दिवाळीला आम्ही गोकर्णला गेलो होतो. येताना पूर्ण घाट रात्रीचा लागला होता, पाऊस होता, आणि मी त्यांच्या खिशात हात घालून झोपले होते. मला एकदम राग आला. त्यांना शुगर आहे हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. गोळ्या ते घ्यायचे, कधी विसरायचे. आमच्या घराण्यात सगळ्यांनाच हाय, असं म्हणून पेढा उचलायचे. घरात चालता चालता त्यांच्या पायातली एक चप्पल मागं राहायची आणि ते तसेच पुढं जायचे. मी ती उचलून आणून द्यायचे आणि आम्ही दोघंही हसायचो.

“बोलला का नाहीत?”

“काय बोलू? बोललो असतो तर तू बसली नसती.”

 समोरून जाणाऱ्या एसट्या मी बघत होते. हात केला असता तर एखादी थांबली असती. नवरा गाडीजवळ जाऊन उभा राहिला. बटन दाबलं, ती चालू झाली, आणि ते माझ्याकडं न बघता नुसते वाट बघत राहिले. मी जाऊन मागं बसले. का बसले ते मला आजही नीट सांगता येत नाही. घर येईपर्यंत मी त्यांच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघत होते, आणि काही आडवं आलं की माझाच उजवा पाय हवेत दाबला जात होता.

लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना पलंगावर आडवं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. डॉक्टरांच्या हातात पेनाएवढी एक दांडी होती, तिच्या टोकाला नायलॉनचा जाड धागा.

“तळव्याला काही लागलं असं वाटलं की हो म्हणा. घाई नाही.”

डॉक्टरांनी उजव्या अंगठ्याखाली धागा टेकवला. तो वाकला. नवरा गप्प. चवड्याला टेकवला, टाचेला टेकवला. गप्प. मग डॉक्टर हात मागं घेऊन नुसते उभे राहिले.

“हो,” नवरा म्हणाला.

डॉक्टर हलले नाहीत.

“हो,” ते परत म्हणाले, जरा मोठ्यानं. प्रयोगशाळेत पोरांना बरोबर उत्तर सांगताना त्यांचा जो आवाज असतो तसा. धागा हवेतच होता. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही, त्याचं मला बरं वाटलं. मी पलंगाच्या पायाशी उभी होते आणि त्या दोन तळव्यांकडं बघत होते. हरिद्वारला नदीत सोडून बसलेले ते हेच पाय. पाणी लई गार हाय म्हणून त्यांनी ते लगेच वर ओढले होते.

डॉक्टर सरळ माणूस होते. गेलेल्या नसा परत येत नाहीत, म्हणाले. राहिल्यात त्या सांभाळायच्या. अनवाणी फिरायचं नाही, बूट घालण्याआधी आत हात घालून बघायचा, रोज संध्याकाळी आरसा धरून तळवे तपासायचे. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी तपासायचे.

“आणि गाडी?” नवऱ्यानं विचारलं.

“तुम्ही सायन्सवाले आहात,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हीच सांगा.”

 घरी येऊन त्यांनी गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि वर्तमानपत्र उघडून बसले. दुपारी जेवले. संध्याकाळी म्हणाले, “पासिंगचं काम अर्धवट राहिलंय.”

“आता कशाला?”

“गाडीची काय चूक हाय?”

मी नको म्हणाले असते तर त्यांनी ऐकलं असतं. पण तेवढं एक काम तरी होऊ दे, असं मला वाटलं. ते झालं की पुढचं सुचेल, अशी काहीतरी वेडी समजूत होती. मिस्त्री एका लग्नासाठी लातूरला आला होता, तो जाताना गाडी घेऊन गेला आणि आम्ही एसटीनं नांदेड गाठलं. मैदानात या वेळी गाडीवर मिस्त्री बसला. नवरा माझ्याशेजारी लिंबाच्या सावलीत उभा राहिला. मिस्त्री रेघेवर आला आणि मागच्या ब्रेकवर असा थांबला की धूळसुद्धा उडाली नाही. बाईंनी परत करायला सांगितलं नाही. त्यांनी कागदावर सही केली आणि तो नवऱ्याच्या हातात दिला.

“गाडी फार छान ठेवलीय सर,” त्या म्हणाल्या. “पाच वर्षं बघायला नको.”

नवऱ्यानं त्यांचे आभार मानले. कागदाची नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

गाडी लातूरला पोचवायला मिस्त्रीच निघाला. मी एसटीनं येते म्हणाले, आणि नवरा त्याच्या मागं बसला. अहमदपूरच्या अलीकडं माझ्या बसनं त्यांना गाठलं. खिडकीतून मी खाली बघितलं. मिस्त्री ताठ बसून चालवत होता आणि माझ्या जागेवर, लोखंडी टेक्याला पाठ लावून माझा नवरा बसला होता. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. आधी मांडीवर ठेवले, मग मागची कडी धरली, परत मांडीवर आणले. मी हात हलवला. त्यांनी वर बघितलं नाही. बस पुढं निघून गेली.

मग मी म्हटलं, मी शिकते.

कॉलेजला मी स्कूटीवर जात होतेच. गाडी बुटकी होती, माझे पाय टेकत होते. नवऱ्यानं आधी उडवून लावलं, पण दोन दिवसांनी सकाळी उठून त्यांनी टायरमधली हवा बघितली, आरसे माझ्या उंचीला लावले. आमच्या कॉलनीच्या मागं, औशाच्या रस्त्याला लागून नव्या प्लॉटिंगची जागा आहे. मुरमाचे रस्ते आखलेले, कोपऱ्याकोपऱ्यावर दगड रोवलेले, घर एकही नाही. पहिल्या गिअरवर, पाय जमिनीला घासत त्यांनी गाडी तिथपर्यंत आणली. मी बाजूनं चालत होते.

शिकवताना ते चिडले नाहीत. “क्लच हळू सोड. अजून हळू. तिला वाटलं पाहिजे की तू सोडूनच न्हाई राहिली.” गाडी पुढं सरकली. मी एक प्लॉट गेले, दोन गेले. सरळ रस्त्यावर जमलं. मला हसू यायला लागलं, आणि मागून त्यांचाही हसल्याचा आवाज आला. या दिवाळीला नाही, पुढच्या दिवाळीला, फार लांब नाही, परळीपर्यंत, असं काहीतरी माझ्या डोक्यात सुरू झालं होतं.

कोपऱ्यावर वळताना ती कलली. स्कूटी कलली की पाय लावून सावरता येते. हिचं वजन एकदा एका बाजूला गेलं की जातंच. मी हँडल धरून ठेवलं, मग सोडलं आणि बाजूला उडी मारली. गाडी धप्पकन मुरमावर आडवी झाली, इंजिन एकदा गुरगुरून बंद पडलं. मला फक्त कोपराला खरचटलं होतं.

नवरा पळत आला. आला म्हणजे खाली बघत, एकेक पाऊल टाकत, जितकं पळता येईल तितकं. “लागलं का?” विचारलं. नाही म्हणाले. मग आम्ही दोघांनी गाडी उचलायला घेतली. पूर्वी ते एकटे उचलायचे, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागची कडी धरून. आता जोर लावला की त्यांचे पाय मुरमावरून सटकत होते आणि ते सटकतायत हे त्यांना कळत नव्हतं. दोनदा ते स्वतःच गुडघ्यावर आले. तिसऱ्यांदा मी म्हटलं, “राहू द्या. कोणी येईल.”

कोणी येत नव्हतं. ऊन चढत होतं. गाडीतून पेट्रोल थेंब थेंब गळत होतं, त्याचा वास सुटला होता. आम्ही एका प्लॉटच्या कोपऱ्यावरच्या दगडापाशी उभे राहिलो, दोघंही नोकरीतली माणसं, आणि आमच्यामध्ये ती आडवी पडलेली. नवऱ्यानं वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला. मग परत उभे राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांनीही नाही.

शेवटी किल्लारीकडं निघालेली एक जीप रस्त्यावर थांबली. चार जण उतरून आले. “काका, सरका,” एक जण म्हणाला आणि त्यांनी बघता बघता गाडी उभी केली, स्टँडवर लावली. क्लचची दांडी वाकली होती, एक इंडिकेटर फुटला होता. बटन दाबलं तर लगेच चालू झाली. “मजबूत हाय गाडी,” तो म्हणाला. ते गेले. आम्ही गाडी बंद करून, ढकलत, मध्ये मध्ये थांबत घरी आणली. परत जाऊ, असं मी म्हणाले नाही. त्यांनीही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांचा बूट काढला तर आत मुरमाचा एक टोकदार खडा होता. मोजा रक्तानं चिकटला होता. सबंध दिवस ते त्या खड्यावर चालले होते. गाडी ढकलली, कॉलेजला गेले, प्रॅक्टिकलला उभे राहिले, भाजी घेऊन आले.

जखम लहान होती. डॉक्टरांनी साफ केली, पट्टी बांधली, पाय टेकवू नका म्हणाले. पंधरवड्यात भरेल असं आम्हाला वाटलं होतं. ती वरून भरल्यासारखी दिसायची आणि खालून उघडायची. पावसाळ्यात पाय सुजला, ताप आला. नांदेडला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं. भूल उतरल्यावर त्यांनी विचारलं, किती? मी सांगितलं. “दुखत न्हाई,” ते म्हणाले. दुखत नाही हीच तर अडचण होती. पण तेव्हा मी मान हलवली.

जाऊ भोकरहून भेटायला आली. डबा घेऊन आली होती, उशाशी बसून राहिली. गाडीविषयी बोलली नाही. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

आता त्यांचे बूट वेगळे आहेत, आतून मऊ, मापानं करून घेतलेले. कॉलेजच्या जिन्यावर ते कठड्याला धरून चढतात. गाडी खाली पार्किंगला झाकून ठेवलेली असते. दोघं-तिघं विचारून गेले. एक जण तर कागद बघून, पाच वर्षांचं पासिंग हाय म्हणून फार मागं लागला होता. नवरा नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. बघू म्हणतो.

परवा संध्याकाळी मिस्त्रीचा फोन आला. मी कणीक मळत होते, फोन स्पीकरवर होता.

“सर, गाडी कशी हाय?”

“एकदम बराबर,” नवरा म्हणाला. “बटन मारलं की चालू.”

“यंदा कुठं मग?”

“बघू. हिला सुट्टी मिळंना गेली.”

मिस्त्रीला बोटांचं माहीत होतं. दवाखान्यात तो दोनदा येऊन गेला होता. तरी तो म्हणाला, “मिळंल सर, मिळंल. निघायच्या आधी इकडं एक चक्कर मारा, सगळं टाइट करून देतो. भाभीला सलाम सांगा.”

“सांगतो.”

फोन ठेवून ते खुर्चीत तसेच बसले. मी हात धुतले, आरसा आणि बॅटरी घेऊन खाली जमिनीवर बसले. पायांची ती रोजची वेळ असते. आधी डावा, मग उजवा. त्यांनी पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. डाव्या टाचेला, कडेनं, एक लाल ठिपका होता. काल नव्हता. मी त्यावर बोट ठेवून जरासं दाबलं.

“काही न्हाई ना?” त्यांनी विचारलं.

“आहे,” मी म्हणाले. “सकाळी जाऊन येऊ.”